आवळलेला मुंढा

आई, आज माझा उजवा हात कानाला लागला. शाळेत मुलं हात वर करतात तसा, कोपर न वाकवता, सरळ वर गेला आणि दंड कानाला टेकला. सकाळची वेळ, दुकानात गिऱ्हाईक कुणी नव्हतं, म्हणून तो तसाच वर धरून मी थोडा वेळ उभी राहिले. खाली घेतला तेव्हा पहिली आठवण तुझी आली. तुला जाऊन चोवीस वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, आता त्रेपन्न पुरी होतील. अजून शिवणच करते. रत्नागिरीत बाजाराच्या मागच्या गल्लीत छोटं दुकान आहे, बहुतेक ब्लाउजच शिवते, आणि लोक म्हणतात, हिच्या हातच्या ब्लाउजचा मुंढा काखेत कधी आवळत नाही. हे ऐकलं की मी मान खाली घालून टाचण्या गोळा करायला लागते. असं का, ते आज सांगते.

तू मशीन आणलंस तो दिवस मला नीट आठवतो. मी शिवणाच्या क्लासला जाऊन वर्ष झालं होतं आणि घरी सराव करायला मशीन नव्हतं. मिरकरवाड्याच्या जेटीवरून आलेला मासळीचा टेम्पो आपल्या दारात थांबतो, तू पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेली, आणि मागे बर्फाच्या क्रेटमध्ये उभं केलेलं पायमशीन. उतरवून घेतलं तर पायडलला सुरमईचे खवले चिकटलेले. मी नाक मुरडलं. तू पदराने खवले पुसत म्हणालीस, "वास जाईल गो दोन दिवसांत. कला जायची नाही." वास दोन महिने गेला नाही. त्या मशीनवर मी पहिला ब्लाउज शिवला तो तुझाच, मोरपंखी रंगाचा, आणि तू तो घालून सगळ्या वाडीत फिरून आलीस.

पुढच्या वर्षी ते सुरू झालं. तू म्हणालीस, "मुंढा आवळतो गो जरा. सैल कर." मी उसवून अर्धा इंच सोडला. आठ दिवसांनी पुन्हा, "अजून आवळतो." पुन्हा उसवला. नवीन कापड आणलं, नवीन माप घेतलं, अस्तर न लावता शिवला, तरी तुझं तेच. "हात वर जात नाही यात." मी टेप घेऊन मुंढ्याची गोलाई पुन्हा पुन्हा मोजायची. क्लासच्या बाईंना दाखवायची. त्या म्हणायच्या, बरोबर आहे, यापेक्षा सैल केलास तर काखेत झोळ येईल. मग माझी खात्रीच झाली की तुला माझं शिवण आवडत नाही, आणि नीट सांगता येत नाही म्हणून तू मुंढ्यावर ढकलतेस. त्याच दिवसांत तू डोक्यावरची मासळीची पाटी सोडून कोळंबी सोलायच्या शेडमध्ये बसायला लागलीस. "बसून काम बरं," म्हणालीस. उजवा हात पदरात गुंडाळून पोटाशी धरायची सवय लागली तुला. संध्याकाळी निगडीचा पाला तव्यावर गरम करून खांद्यावर बांधायचीस. शेजारच्या काकींनी सांगितलं होतं, दुखरा हात अजिबात हलवू नकोस, म्हणून तू हलवत नव्हतीस. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आई. पण मी बघत होते तो ब्लाउज.

आणि तो दिवस. माझं पहिलं बाहेरचं गिऱ्हाईक, प्राथमिक शाळेतल्या एक बाई, माप द्यायला ओट्यावर येऊन बसल्या होत्या. मी जपून टेप धरत होते. तू आतून आलीस, चौथ्यांदा उसवून शिवलेला तोच ब्लाउज घालून, आणि त्यांच्यासमोर म्हणालीस, "आधी घरातल्या माणसाचं माप घ्यायला शीक गो, मग गावाचं घे. हा बघ, अजून हात वर होत नाही."

माझं डोकं तापलं. मी उठले. "होत कसा नाही? मुंढ्यात दोन बोटं जातात. थांब, दाखवते होतो का नाही ते," असं म्हणून तुझं मनगट धरलं आणि हात सरळ वर ओढला.

तू ओरडली नाहीस. घशातून नुसता वारा बाहेर पडला. तोंड पांढरंफटक झालं आणि तू ओट्याच्या कडेला धरून खाली बसलीस. "सोड," एवढंच म्हणालीस. कपाळावर घाम आला होता. बाई म्हणाल्या, "अहो, पाणी द्या त्यांना." मी पाणी आणलं, तुझ्या हातात दिलं, आणि मनात म्हटलं, नाटकं. हो, हाच शब्द म्हटला. तो आजवर कुणाला सांगितला नव्हता.

त्यानंतर तू मला ब्लाउज शिवायला सांगितलंच नाहीस. बाबांचे जुने शर्ट काढलेस, खलाशाचे, ढगळ, पुढून बटणांचे, आणि ब्लाउजऐवजी साडीवर तेच घालायला लागलीस. आधी दुखरा हात बाहीत सरकवायचा, मग पाठीवरून शर्ट ओढून दुसरा. कोळंबीच्या शेडमध्ये बऱ्याच बायका साडीवर शर्ट घालत, पण तू घरातही तोच, बाजारातही तोच. मला वाटायचं, मुद्दाम करतेस. शिवणारी मुलगी घरात असून आई नवऱ्याचा शर्ट घालून फिरते, हे चार लोकांना दिसावं म्हणून. मी तुझ्याशी तुटक वागायला लागले. वर्षभरात माझं लग्न झालं आणि तो विषय तसाच राहिला.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी, ब्लाउजांचा ढीग पडलेला असताना, माझा उजवा खांदा दुखायला लागला. आधी वाटलं, कात्री जास्त चालली. मग शिवून झालेला ब्लाउज वरच्या दांडीला अडकवता येईना. पाठीमागे हुक लावायला हात जाईना. केस विंचरताना मान हाताकडे न्यायची वेळ आली. आणि मी काय केलं असेल सांग? मी माझ्या ब्लाउजांचे मुंढे उसवले. एक नाही, तीन. मला खरंच वाटलं, दंड जाड झाले, मुंढा आवळतोय. साखरेची गोळी चालू आहे माझी. त्या डॉक्टरांना शेवटी खांद्याचं सांगितलं, तर त्यांनी हात थोडा हलवून पाहिला आणि फिजिओथेरपीला जा म्हणाले. मेडिकलच्या दुकानाच्या वर त्याच्या दोन खोल्या आहेत. तिथली डॉक्टर सावर्ड्याकडची मुलगी, तिशीचीही नसेल. आत एक खलाशी काका दोन दांड्यांच्या मधून पाऊल पाऊल चालत होते. लकव्याने त्यांची एक बाजू गेली होती. त्यांची बायको पुढे उभी राहून "या, या, अजून एक," म्हणत होती, लहान मुलाला चालायला शिकवतात तशी.

मुलीने मला स्टुलावर बसवलं. मी आधीच सांगून टाकलं, "ब्लाउज जरा आवळतोय, म्हणून हात वर जात नाही."

ती हसली नाही. एक हात माझ्या खांद्यामागच्या पात्यावर ठेवला, दुसऱ्याने माझा हात कोपराखाली धरला आणि इतका हळू उचलला की उचलतेय हेच कळेना. दुखायला लागलं तिथे, माझ्या तोंडावर दिसायच्या आधीच, ती थांबली. "इथे?" म्हणाली. मी मान हलवली. तिने हात तसाच खाली आणला. मग म्हणाली, "काकू, ब्लाउज नाही आवळत. खांदा आवळलाय."

आई, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती घाबरली. "दुखलं का? मी जास्त उचलला का?" मी म्हटलं, "नाही गो बाय, तू काही केलं नाहीस." दांड्यांमधले काका चालायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले.

तिने मला समजावून सांगितलं. खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं. ते सुजतं, मग आकसतं, आणि हात अडकतो. चाळिशीनंतर बायकांना पुष्कळदा होतं, साखर असली की जास्त. दुखतं म्हणून माणूस हलवत नाही आणि न हलवल्याने खांदा अजून घट्ट होत जातो. मी विचारलं, "म्हणजे कोरं सुती कापड धुतल्यावर आटतं तसं?" ती म्हणाली, "तसंच समजा. पण हे उसवायचं नाही, रोज थोडं थोडं मोकळं करायचं. आणि ओढाओढ अजिबात करायची नाही. कुणाला हात ओढू द्यायचा नाही." ती हे सहज म्हणाली. मी जमिनीकडे बघत बसले.

मग रोजचे व्यायाम सुरू झाले. आधी शेक. टेबलाला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात नुसता सोडून द्यायचा, घड्याळाच्या लंबकासारखा झुलू द्यायचा. दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्यायचं. पाठीमागे पंचा धरून वरच्या हाताने खालचा हात हळू वर घ्यायचा. आणि भिंतीवर बोटांनी चढायचं, किड्यासारखं, जिथे अडेल तिथे श्वास सोडून क्षणभर थांबायचं. दुखेल, ती म्हणाली, पण व्यायाम संपल्यावर थोड्या वेळात शांत व्हायला हवं. दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिलं तर आपण जास्त केलं, मग कमी करायचं. मी दुकानाच्या भिंतीवर मापाचा टेप उभा चिकटवला आणि रोज खडूने खूण करायला लागले. तीन आठवडे खूण जागची हलली नाही. मी कंटाळून तिच्याकडे जायचं बंद केलं. तिचा फोन आला. "काकू, हलत नाही असं वाटतं तेव्हाच सोडायचं नसतं. या उद्या." ओरडली नाही, पण आवाजात धाक होता. मी गेले.

तिथे पडल्या पडल्या एक दिवस तिला सगळं सांगितलं. तुझा ब्लाउज, तुझा पाला, बाबांचा शर्ट. ओढलेल्या हाताचंही सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत, माझा खांदा हळूहळू फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्यांनाही कळलं नसेल काकू. त्यांना खरंच वाटत असेल की ब्लाउज आवळतो. तुम्हालाही वाटलंच ना?" आई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी धरून बसले होते की तू माझ्यात खोट काढत होतीस. आणि खांद्याचं कळल्यापासून वाटत होतं, तू दुखणं माझ्यापासून लपवलंस. खरं म्हणजे तू काहीच लपवलं नव्हतंस. तुला जे जाणवत होतं ते तू जसंच्या तसं मला सांगत होतीस, हात वर जात नाही, हात वर जात नाही, आणि आपण दोघी मिळून तो ब्लाउज उसवत होतो.

पुढे खूण वर सरकायला लागली. कधी बोटभर, कधी तेवढीही नाही. दांडीला हँगर अडकवता आला त्या दिवशी मी तिला फोन करून सांगितलं. पाठीमागे हात अजून दोन बोटं कमी जातो, तो येईल म्हणते ती. खलाशी काका आता काठी घेऊन एकटे जिना उतरतात आणि बायको मागून येते, कधी हात लावायचा आणि कधी नाही ते शिकल्यासारखी.

हे मी मापाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. पुढच्या पानांवर गावातल्या बायकांची मापं आहेत. वही दुकानातच राहील. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. आज संध्याकाळी शेवटची भेट होती. तिने माझा हात वर करून कोन मोजला, कागदावर लिहिला, आणि मी चपला घालत असताना विचारलं, "काकू, तुमच्या आईंचा खांदा नंतर मोकळा झाला होता ना? पुष्कळांचा होतो, दोन-तीन वर्षं गेली की." मी म्हटलं, "हो, झाला होता. नंतर स्वतःचा अंबाडा स्वतः घालायची." तिला बरं वाटलं. जिना उतरून मी खाली आले आणि रिक्षा न करता चालतच निघाले. मी खोटं बोलले आई. मला माहीत नाही. लग्नानंतरची आठ वर्षं मी दर रविवारी तुझ्याकडे येत होते, तुझ्यासमोर बसून तुझ्या हातचं जेवत होते, आणि तुझा हात कुठपर्यंत जातो ते मी एकदाही पाहिलं नाही.