नऊ जणांचं हाउसफुल्ल

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आणि त्याहून अनेक तक्रारी. त्या ओळीने येतीलच.

तुझं पत्र नाही म्हणजे तू मजेत आहेस, असं मी धरून चालते. आम्हीही बरे आहोत. तुझ्या भाऊजींनी दाढ काढून घेतली. ती डबीत ठेवली आहे आणि येईल-जाईल त्याला दाखवतात. मी डबी दोनदा लपवली, दोन्ही वेळा त्यांनी शोधून काढली. स्वतःचा चष्मा मात्र सापडत नाही.

आता कामाचं. आपल्या मामांच्या नाटकमंडळीवर गदा आली आहे. सायकलवाल्यांच्या दुकानावरचा हॉल, जिथे मामा तीस वर्षं नाटकं बसवताहेत, तो कोपऱ्यावरच्या गादीवाल्यांना गोदामासाठी हवा आहे. हॉलचे मालक सायकलवालेच, माणूस वाईट नाही. त्यांनी मामांना सरळ सांगितलं की तिकिटं किती खपली याच्याशी मला काही कर्तव्य नाही, मला खुर्च्यांत माणसं बसलेली दिसली पाहिजेत. गेल्या खेपेला प्रेक्षकांपेक्षा नट जास्त होते, हे त्यांनी जिन्यातून पाहिलं होतं. आता सतरा तारखेच्या रविवारी दुपारी चारला प्रयोग आहे. तो बघून ते ठरवणार.

तुला म्हणून सांगते, मला हॉलची काळजी नाही, मामांची आहे. मामी गेल्यापासून त्यांची प्रत्येक संध्याकाळ तिथेच जाते. पडद्याचा दोर पुसतात, खुर्च्या झटकतात, विंगेत बसून स्वतःशीच संवाद म्हणतात. तो हॉल गेला तर हा माणूस संध्याकाळी जाईल कुठे?

म्हणून मी पदर खोचला आहे. हॉलमध्ये एकशे साठ खुर्च्या आहेत आणि एकशे साठ तिकिटं मी स्वतः खपवणार. शिंप्याकडे गेले, तो नाही म्हणाला, मी तिथेच बसून राहिले. अर्ध्या तासाने त्याने तीन घेतली. डॉक्टरीणबाईंनी चार घेतली. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या की नाटकात मला झोप येते. मी म्हटलं, या आणि झोपा, पण खुर्चीत झोपा. त्यांनी दोन घेतली. मला बघून समोरचे पेन्शनर रस्ता ओलांडतात, पण मीही ओलांडते.

तुझ्या नावावर पाच टाकली आहेत. नाही म्हणू नकोस.

लोभ आहेच, तो तिकिटाएवढा तरी दिसू दे.

तुझी,
ताई

*

ता. ९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. विनंती एवढीच की माझा पाठलाग पोस्टाने तरी करू नकोस.

पाच तिकिटं पोचली. तीन तासांचा प्रवास करून येणं मात्र जमेल असं वाटत नाही. साहेबांचा साहेब येणार आहे आणि आमच्या साहेबांनी सगळ्यांच्या सुट्ट्या स्वतःच्या खिशात घालून ठेवल्या आहेत. पण ताई, तिकिटं घेतली म्हणजे आमचा खारीचा वाटा झालाच की नाही? मामांना सांग, भाचा देहाने इथे असला तरी मनाने पहिल्या रांगेत आहे.

भाऊजींची दाढ मला बघायची आहे. तेवढ्यासाठी मात्र एकदा येईन.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया अशीच राहो, फक्त तिचा जोर जरा कमी होवो.

तुझा,
धाकटा

*

ता. १९ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद यावेळी एकच, तोही जड हाताने.

प्रयोग झाला. नऊ माणसं आली. नऊ! एकशे साठ तिकिटं खपली, शेवटच्या दोघांनी तर माझ्याकडे मागून घेतली, आणि खुर्च्यांत माणसं नऊ. सायकलवाल्यांना मोजायला बोटंसुद्धा सगळी लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरोघरी गेले. एकेकाचं ऐक. शिंप्याने तिन्ही तिकिटं काउंटरच्या काचेखाली लावली आहेत, गिऱ्हाइकांना दाखवतो की आपण कलेला मदत करतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांना तिकिटं दिलीत म्हणजे गर्दी होणारच, म्हटलं आपली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे. समोरचे पेन्शनर म्हणाले, अहो, तिकीट घेतलं ना मी? वर यायचंही होतं का? आणि हे इतक्या निरागसपणे विचारलं की मला रागावताही येईना.

यावर कळस तुझ्या भाऊजींनी केला. तिकिटं संपली म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली, "हाउसफुल्ल", आणि दाराशी उभे राहिले. पलीकडच्या वस्तीतून सहा माणसं नाटक बघायला आली होती, खरोखर बघायला! यांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं. आत मामा नऊ जणांसमोर घसा फोडताहेत आणि बाहेर हा गृहस्थ लोकांची क्षमा मागतोय. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते आजच लक्षात आलं.

त्या नऊमध्येही बेकरीवाल्या बाई धरल्या आहेत. त्या नाटकाला आल्याच नव्हत्या. दुसऱ्या अंकातलं स्टूल ऐन वेळी मोडलं म्हणून मी त्यांच्या दुकानातलं पळवत आणलं. त्या मागोमाग आल्या, स्टुलावर नजर ठेवून पहिल्या रांगेत बसल्या आणि पडदा पडेपर्यंत हलल्या नाहीत. डुलकीसुद्धा काढली नाही.

मामांनी तीनही अंक पूर्ण केले, एक वाक्य गाळलं नाही. नंतर दाढ्या-मिश्या ट्रंकेत भरल्या आणि घरी गेले. तेव्हापासून गप्प आहेत. ज्या माणसाचं कुजबुजणं चार घरांना ऐकू जातं, तो गप्प आहे रे! सायकलवाल्यांच्या हातापाया पडून मी आणखी एक रविवार मागून घेतला आहे, एकवीस एप्रिल. त्यापुढे गादीवाले.

आणि तू. पाच खुर्च्या तुझ्याही रिकाम्या होत्या. मनाने पहिल्या रांगेत होतास ना? त्या रांगेत बेकरीवाल्या बाई होत्या, त्यांनी तुला पाहिलं नाही.

लोभ ठेव, पण यापुढे घरबसल्या ठेवू नकोस.

ताई

*

ता. २६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. या वेळचा साष्टांग खरा आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पाटीपाशी हसू आलं, मामांपाशी आलो आणि लाज वाटली. शिंप्याची तिकिटं काचेखाली, माझी डायरीत, फरक तो काय? आजवर मामांच्या किती नाटकांची तिकिटं मी घेतली आणि किती पाहिली, याचा हिशोब तू विचारू नकोस, मी सांगणार नाही.

पण एक सांगतो. उत्तर तुझ्याच पत्रात आहे आणि ते तुला दिसलेलं नाही. बेकरीवाल्या बाई का आल्या? नाटकासाठी नाही, मामांसाठी नाही, तुझ्या भीतीनेही नाही. त्यांचं स्टूल वर होतं म्हणून आल्या. ताई, या वेळी तिकीट विकूच नकोस. प्रत्येक घरातून एक वस्तू माग. मामांचं नाटक म्हाताऱ्या कुलूपवाल्याच्या घरातच घडतं ना? मग घराला काय, काहीही लागतं. फक्त वस्तू अशी माग की जी द्यायला जिवावर येईल.

एकवीसला मी येतोय. साहेबांना सांगून टाकलं आहे, त्यांनी नाही म्हटलं तेही ऐकून घेतलं आहे.

मामांना यातलं काही सांगू नकोस. फक्त ट्रंक उघडायला सांग.

तुझ्या रागातही माया असते हे मला माहीत आहे, ती तशीच असू दे.

धाकटा

*

ता. १२ एप्रिल

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आधी तुझा पाय. न्हाणीघरात घसरायला तुला हाच महिना सापडला? तुझ्या बायकोने प्लास्टरचं कळवलं. माझा तिच्यावर विश्वास आहे, तुझ्यावर नाही, तेव्हा एक्स-रे पाठव.

तुझी युक्ती लागू पडली आहे, जरा जास्तच. शिंप्याकडे जाऊन मी त्याचा पुरुषभर उंचीचा आरसा मागितला. त्याचा चेहरा पडला, पण गेल्या वेळची लाज होती, दिला. लगेच विचारलं, कुठे ठेवणार, ऊन लागेल का, नट अंगविक्षेप करणारे आहेत का. म्हटलं, येऊन बघा. डॉक्टरीणबाईंनी वजनकाटा दिला. कुलूपवाल्याच्या घरात वजनकाटा कशाला, हे मामांनी विचारलं. मी त्यांना म्हटलं, मामा, तुम्ही नाटकाचं बघा. पेन्शनरांनी सासऱ्यांच्या आठवणीचं टेबल दिलं, त्याचा डावा पाय नाजूक आहे अशी चिठ्ठीही जोडली. चार घरांतून चार भिंतीवरची घड्याळं आली. एकही परत करता येत नाही, करीन तर ते घर येणार नाही.

सायकलवाल्यांकडून मी त्यांची नवी कोरी सायकल मागितली. ते हसले, म्हणाले, ताई, मला सगळं कळतं हं. सायकल मात्र दिली. मग मी शहाणपणा केला तो असा की सरळ गादीवाल्यांकडे गेले. मामा तिसऱ्या अंकात मरतात, त्यांना मरायला चांगली गादी हवी, असं सांगितलं. गादीवाले विचारात पडले. हॉल त्यांनाच हवा आणि गादीही त्यांचीच! शेवटी म्हणाले, मरायचंच आहे तर आमच्याच गादीवर मरू द्या, पण कुठली गादी आहे ते लोकांना दिसलं पाहिजे.

मामा बोलायला लागले आहेत. काल तालमीत त्यांनी सगळ्यांना झापलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

भाऊजींना दारावरून हलवलं आहे, ते वस्तूंची यादी ठेवतील. दाढही यादीत घालू का, असं विचारत होते.

पाय सांभाळ. आम्हा सगळ्यांवर जीव असू दे, आहेच म्हणा.

ताई

*

ता. २३ एप्रिल

चि. भाच्यास,

अ. उ. आ. सूनबाईंनाही.

तुझा पाय कसा आहे? ताई म्हणते एक्स-रे येईपर्यंत विश्वास ठेवू नका. मी ठेवला. कामाची माणसं ऐन वेळी पडतात, हे मी तीस वर्षं पाहत आलो आहे.

प्रयोगाचं तुला सविस्तर कळवतो, कारण ही सगळी तुझी करणी, हे ताईने काल मला सांगितलं. हॉल भरला. खुर्च्या संपल्या, मागे माणसं उभी राहिली. रंगमंचावर मात्र मला उभं राहायला जागा नव्हती. आरशाला वळसा घालून, वजनकाट्यावरून पाय टाकून मी प्रवेश केला. वजनकाट्यावर पाय पडताच डॉक्टरीणबाईंनी जागेवरून माझं वजन वाचायचा प्रयत्न केला.

पहिल्या अंकात माझा नाटकातला मोठा मुलगा चिडून टेबलावर मूठ आपटतो. त्याने आपटली मात्र, चौथ्या रांगेतून पेन्शनर उठले आणि म्हणाले की डावा पाय, डावा पाय! नट बिचारा गांगरला, त्याने प्रेक्षकांकडे वळून माफी मागितली आणि पुढचं सगळं भांडण हळू आवाजात, टेबलाला हात न लावता केलं. इतका सभ्य खलनायक मी जन्मात पाहिला नाही. ऐन मध्यरात्रीच्या प्रवेशात चारही घड्याळांनी पाचाचे ठोके दिले, एकामागून एक, आणि प्रत्येक ठोक्याला एकेक कुटुंब अभिमानाने इकडेतिकडे बघत होतं. मध्यंतरात चहाला खाली कुणी उतरलं नाही. आपली वस्तू कोण हलवतं यावर सगळे डोळ्यांत तेल घालून बसले होते. आमच्या नाटकाला तिसऱ्या अंकापर्यंत खुर्ची न सोडणारे प्रेक्षक मला प्रथमच लाभले, मग ते का बसले याच्या खोलात मी का शिरू?

आता तिसरा अंक. मी गादीवर आडवा झालो. गादीवाले डाव्या-उजव्या शेजाऱ्यांना कापसाबद्दल काही सांगत होते, ते मला ऐकू येत होतं. मग मी शेवटची वाक्यं सुरू केली, जी मी तुझ्या मामीला घरी म्हणून दाखवायचो. ती लटक्या रागाने म्हणायची की रोज रोज काय मरता? कसं कोण जाणे, बोलता बोलता गादीवाले थांबले. पेन्शनर थांबले. मी डोळे मिटले तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. अरे, दीड-दोनशे माणसं एकदम गप्प बसलेली ऐकायला मिळणं, याच्याचसाठी तर माणूस नाटक करतो. माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मेलेल्या माणसाच्या डोळ्यांतून ते येऊ नये, पण आलं.

पडदा पडेना. दोर सायकलच्या चाकात अडकला होता. मला उठता येईना, लोकांना टाळ्या वाजवता येईनात. पाच मिनिटं तरी मी तसाच पडून होतो. लोकांत कुजबुज सुरू झाली की मामा हलत कसे नाहीत. शेवटी सायकलवाले सायकल सोडवायला वर चढले. जवळून माझा चेहरा, गालावरचं पाणी पाहिलं आणि त्यांचा धीर सुटला. माझा हात धरून म्हणाले की मामा, हॉल मी कुणाला देत नाही, हॉल तुमचाच आहे, डोळे उघडा हो. मागून गादीवालेही धावत आले. मला नको तुमचा हॉल, म्हणाले, मी माल दुसरीकडे ठेवीन, पण मामा, पुढच्या प्रयोगातही याच गादीवर मरा. आज जेवढ्या लोकांनी माझी गादी पाहिली, तेवढे वर्षात दुकानात येत नाहीत.

मी उठून बसलो. मग टाळ्या झाल्या त्या काय विचारतोस! ताई रंगमंचावर येऊन मला मिठी मारून रडली. ती मला खरोखर मेलेला समजली होती. तिला पाणी पाजलं, बेकरीवाल्या बाईंनी आपण होऊन तिला आपलं स्टूल बसायला दिलं.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगतो, ताईच्या कानावर घालू नकोस, नाहीतर ती मला पुन्हा मारील. सायकलवाल्यांचं बोलणं मी पहिल्याच वेळी ऐकलं होतं. पण ते फार हळू बोलले रे, पुढच्या दोन रांगांपलीकडे गेलं नसतं. म्हणून मी मेलेलाच राहिलो. दुसऱ्यांदा ते इतक्या मोठ्याने ओरडले की शेवटच्या रांगेला शब्दन् शब्द ऐकू गेला. त्यानंतरच मी डोळे उघडले.

पाय बरा झाला की ये. आमच्यावर माया कर, आणि ती येऊन कर.

तुझा,
मामा