गाडीखालचा कागद कोरडा हाय

अब्बा,

मी शिरोलीला कामावर चाललोय म्हणून लिहून ठेवतोय. तोंडानं सांगाय गेलो असतो तर तुम्ही मधनंच उठून गेला असता.

तुमच्या अमेरिकन गाडीचं स्टेअरिंग जड होत गेलं, तवा तुम्ही म्हणाला, माझ्या हातातलं बळ सरलं. किल्ली खुंटीला अडकवली ती अडकवलीच. गेल्या महिन्यात जरीनाचं बाळ बघाय एसटीनं तिच्या सासरी कागलला गेलतो, तर तुम्ही नातवाला हातात बी घेतलं न्हाई. निसटंल म्हणाला.

तुमच्या हाताला काय बी झालेलं न्हाई. स्टेअरिंग हलकं करणारं तेल पंपातनं गळत हुतं. अम्मा रोज सकाळी अंगणातल्या डागावर राख टाकून झाडून घ्यायची, म्हणून कुणाला कळलंच न्हाई. पंपाचं सील फाटलेलं. तसलं इथं मिळंना, तवा चप्पल लाइनीतल्या अंबादासकाकांनी म्हशीच्या कातड्याचं कापून दिलं. दोन दिस तेलात भिजवून बसवलंय. कालपासनं गाडीखाली कागद अंथरलाय, त्यावर एक थेंब न्हाई. गाडी चालू करून दिली, तर अम्मानं एका हातानं स्टेअरिंग फिरवलं आणि हसत बसली.

आज जरीनाला आणायचं हाय. एसटीनं येऊ नको, अब्बा गाडी घेऊन येतील, असं मी तिला कळवून टाकलंय. मला सुट्टी न्हाई. किल्ली तुमच्या चहाच्या बशीत ठेवलीय.

पोचल्यावर आधी पोराला उचलून घ्या. चहा मागनं.

अमीन