दोंडाईच्याला लावलेला ट्रंककॉल

भेस्तान, सुरत
रविवार, २० जुलै १९९७

ती. अक्कास,

गजेंद्रचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव, बाकीचं मग.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव हलका झाला. त्यांना म्हणावं, महिनाभर तरी शेताकडे फिरकू नका. पत्राच्या तळाशी जागा उरली म्हणून लिहावी तशी तू एक ओळ लिहिली आहेस: ‘छगनशेट गेला. मी दारावर भेटायला गेले नाही.’ दुकानात बसणंही सुटलं असेल, वय झालंच होतं म्हणा त्यांचं.

इकडे पाऊस बेताचा आहे. प्लेगच्या वेळी आम्ही बोचकी बांधून तुझ्याकडे पळून आलो होतो ती सुरत आता ओळखू येत नाही. रस्ते रोज झाडले जातात. बमरोलीच्या बाजूला नवे लूम उभे राहताहेत आणि आपल्या खान्देशातून दर आठवड्याला कोणी ना कोणी येऊन उतरतं. माझ्या शाळेत मात्र मराठीचे वर्ग कमी होत चालले. आपल्याच लोकांना मुलं गुजरातीत घालायची आहेत. मला अजून दोन वर्षं नोकरी आहे. तोपर्यंत वर्ग राहिला म्हणजे झालं.

हर्षदा उधन्याच्या एका डीटीपीच्या दुकानात कामाला लागली. लग्नपत्रिका, बिलबुकं, सगळं कॉम्प्युटरवर करते. घरी येऊन अर्धं गुजराती बोलते, अरुणा रागावते.

एक बातमी आहे. इथलं मराठी मंडळ माझ्या कथांचं पुस्तक काढतंय. हिलाल माळी सर, माझ्या शाळेतून निवृत्त झालेले, तेच संपादक. अकरा कथा घेतल्या आहेत आणि पहिली ‘उशीर’. ब्याऐंशीच्या दिवाळी अंकात आली होती ती, मायच्या जाण्यावरची. तू ती तुमच्या गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवली होतीस.

सर म्हणतात, कथा चांगली आहे पण जुनी दिसते. “गजेंद्र, ह्यात रेडिओचं लायसन आहे, रॉकेलची रांग आहे, ट्रंककॉल आहे. आजच्या पोरांना ह्यातलं काय कळणार? दुःख तेच ठेव, सामान नवं कर.” टाइप करणारी हर्षदाच. ती विचारते, “पप्पा, लाइटनिंग कॉल म्हणजे फोनवर वीज पडायची का?” मी हसलो. मग तिला समजावून सांगितलं की तो सगळ्यात तातडीचा, महागडा ट्रंककॉल; नंबर लिहून द्यायचा, बाकावर बसायचं, आपलं नाव पुकारेपर्यंत वाट बघायची. तिला ते खोटंच वाटलं.

तर आता बदल करायला बसणार आहे. ट्रंककॉलच्या जागी एसटीडी घालायचं, बाकी कथा तशीच. फार काम नाही.

छगनशेटबद्दल पुन्हा काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

दाजींना नमस्कार.

तुझा,
गजू


भेस्तान, सुरत
रविवार, १७ ऑगस्ट १९९७

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार.

तुझी राखी बुधवारी आली. उद्या पौर्णिमा. ती मी बांधून घेणार नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तू म्हणालीस तर बांधेन.

हे पत्र एकटी असताना वाच. दाजींना नंतर सांग, सांगावंसं वाटलं तर.

मागच्या रविवारी हर्षदाच्या दुकानाला सुट्टी होती, पण किल्ली तिच्याकडे होती. आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसलो. मी सांगत होतो, ती बदलत होती. रेडिओचं लायसन काढलं, रॉकेलच्या जागी गॅसचा नंबर घातला. मग कथेतला मुलगा आईला घरी सोडून बहिणीला फोन करायला तारऑफिसात जातो ती जागा आली. तिथे आम्ही एसटीडी बूथ केलं.

हर्षदा थांबली. म्हणाली, “पप्पा, एसटीडी केलं तर एका मिनिटात लागेल. मग बहीण गाडीत बसेल, सांजेपर्यंत पोचेल. मग स्टोरी शानी, कशाची?”

मी म्हटलं, “लाइन बिझी कर.”

“दोन मिनिटांनी परत लावेल ना.”

“मग दुकानदार उचलत नाही असं कर.”

“बीजा कोणाच्या तरी घरी लावेल. शाळेत, पोस्टात. एवढी आई मरायला टेकली आहे तर माणूस दहा फोन करेल.” मग ती म्हणाली, आणि अगदी सहज म्हणाली, अक्का, तिला काही माहीत नाही, “एकच रीत आहे पप्पा. ह्याला बहिणीला बोलवायचंच नाहीये असं लिहा. मग सगळं बरोबर बसतं.”

मी तिला म्हटलं, आज राहू दे. घरापर्यंत चालत आलो.

सोळा वर्षं मी ते खोटं ट्रंककॉलवर टेकवून ठेवलं होतं. तेव्हा कोणी संशय घेतला नाही, कारण तेव्हा ट्रंककॉल लागत नसत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ‘सात तास बसलो, लाइन लागलीच नाही’ असं मी तुला सांगितलं आणि तू माझ्याच पाठीवरून हात फिरवलास. पुढे कथेत मी आणखी एक गोष्ट घातली. लाइन लागते, पण पलीकडचा दुकानदार दुपारच्या झोपेसाठी रिसीव्हर काढून ठेवतो. नाव दिलं मगनशेट. गल्लीत फोन असलेला एकच दुकानदार होता, तेव्हा मगनशेट कोण हे कोणाला विचारावं लागलं नाही.

अक्का, लाइन लागली होती. मला तासभरही बसावं लागलं नाही. खिडकीतून बाईने पुकारलं, “दोंडाईचा, बात करो.” मी आत गेलो, रिसीव्हर उचलला. पलीकडून छगनशेट बोलत होता. “हॅलो, दोंडाईचा. कोण बोलतंय? कोणाला बोलावू?” दोनदा म्हणाला. त्याच्या दुकानातला तराजूचा आवाजसुद्धा मला ऐकू आला. मी काही बोललो नाही आणि रिसीव्हर ठेवला.

का ठेवला ते लिहितो.

माय माझ्याकडे तीन वर्षं होती. तू न्यायला दोनदा आलीस आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, मुलगा मास्तर असताना माय जावयाच्या दारात राहणार नाही. ती मात्र रोज म्हणायची, “मले आनसीना घर धाडी दे.” तुझ्याकडे धाडायचं मी ऐकलं नाही. शेवटचे दोन महिने ती अंथरुणावरच होती. मी सकाळी शाळा, दुपारी शिकवण्या. अरुणा साड्यांच्या घडीकामाला. दिवसभर माय त्या उधन्याच्या खोलीत एकटी, शेजारच्या लूमचा आवाज ऐकत. तिला कुशीवर वळवणारं कोणी नव्हतं. तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, अक्का. कमरेच्या खाली हाड दिसेल अशा. अरुणाने मला आधीच म्हटलं होतं, ताईंना कळवा. तिला दोष देऊ नकोस. मीच म्हणत राहिलो, थोड्या भरून येऊ दे.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस. मी तारऑफिसात गेलो तो खरंच तुला बोलवायला गेलो. पण छगनशेटचा आवाज ऐकला आणि मनात आलं, आता तू येशील, मायला आंघोळ घालायला बसशील, पाठ बघशील. उद्या मलमपट्टी करून घेऊ, लुगडं बदलू, अंथरूण बदलू, मग परवा फोन करू. दोन दिवस आहेत हातात.

घरी पोचलो. मायने विचारलं, “आनसी उनी का?” मी म्हटलं, निघाली. त्यानंतर ती त्या रात्री दहापर्यंतच होती. दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची.

ती गेल्यावर तुला तार केली. सगळे म्हणाले, लेक येईपर्यंत थांबू. मी म्हटलं, उन्हाळा आहे, थांबता येणार नाही. मार्चचा महिना होता. एवढं ऊन नव्हतं. तू आलीस तेव्हा मी तापीवरून परत आलो होतो.

छगनशेटने त्या फोनबद्दल तुला काही सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. तू त्यांच्याशी बोलणं सोडलंस, सामान दोन गल्ल्या पलीकडून आणायला लागलीस, हे तुझ्या पत्रांतून कळत होतं. प्लेगच्या वेळी तुझ्याकडे आलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, “मास्तर, सुरतेहून नीट पोचलात ना? पोरगी बरी आहे ना?” मी मान हलवून पुढे गेलो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

‘उशीर’ मी पुस्तकातून काढून घ्यायला सांगितली आहे. हिलाल सर चिडले. म्हणाले, एवढ्याशा बदलासाठी चांगली कथा टाकतोस? त्यांना काय सांगणार.

माझ्यावर रागव, बोलू नकोस, तुला वाटेल ते कर. पण छगनशेटच्या धुरपदाबाईंकडे जा. हे पत्र त्यांना वाचून दाखव.

गजेंद्र


दोंडाईचा
ता. २९ ऑगस्ट ९७

चि. गजेंद्रास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याला आज आठ दिवस झाले. मला लिहायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. चौथीनंतर मी पेन फारसं धरलेलं नाही.

पहिले दोन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. ह्यांना वाटलं गुडघा दुखतो. तिसऱ्या दिवशी पत्र घेऊन छगनभाऊच्या घरी गेले. सोळा वर्षांनी त्या उंबऱ्यात पाय ठेवला. धुरपदाबाई ज्वारी निवडत होती. तिने मला बस म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं पत्र वाचलं. मायच्या पाठीचं पण वाचलं. मला ते गाळता आलं असतं, मी गाळलं नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. माय गेल्यावर मी परत आले तेव्हा छगनभाऊ स्वतः दारात आला होता. म्हणाला, अनुसयाबाई, त्या दिवशी सकाळी एक फोन आला होता, कोणी बोललं नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. मग तुझी कथा आली. मी ती मुद्दाम त्याच्या ओट्यासमोर बसून वाचली. तो ऐकत होता. नंतर त्याने दुकानातला फोन काढून टाकला. लोक म्हणायचे बरं झालं.

धुरपदाबाई रडली नाही. मला म्हणाली, “आते समजनं का तुले?” मग बराच वेळ निवडत बसली. मी पण खाली बसले आणि तिच्याबरोबर निवडायला लागले. उठताना ती म्हणाली, तुझ्या भावाला लिही, खोटं छापून आलं होतं, तर खरं पण छापूनच यायला पाहिजे. तोंडी नको. छगनचं नाव घालून.

तेव्हा कथा काढू नकोस. खरी लिही. एसटीडी वगैरे करू नकोस, ट्रंककॉलच ठेव. पोरांना कळलं नाही तर नाही कळलं. तार, बाक, खिडकीतली बाई, सगळं होतं तसं लिही. पुस्तक आलं की दोन पाठव, एक तिच्यासाठी.

आता माझं. तू घाई केलीस तेव्हा मला काही समजलं नाही असं नाही. मायचं लुगडं मी मागितलं होतं, अरुणाने दिलं नाही, जाळलं म्हणाली. मी विचारलं नाही, कारण मला पण ऐकायचं नव्हतं. एवढं माझ्याकडे येतं.

पण गजू, तू कशाला घाबरलास? मी भांडले असते, हो, तोंडाने चार शब्द बोलले असते. पण आधी पाणी तापवलं असतं. पाठ पुसून घेतली असती, खोबरेल लावलं असतं, तिला माझ्या मांडीवर कुशीला घेतलं असतं. तिला दोन-तीन तास तसे मिळाले असते. तुझी लाज मी कोणाला दाखवली नसती.

राखी बांधायची की नाही ते तू ठरव, मला विचारू नकोस. दिवाळीला येऊ नकोस. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. पत्र मात्र बंद करू नकोस, मी उत्तर देईन की नाही हे सांगत नाही.

हर्षदाला आणि अरुणाला आशीर्वाद.

मायची लेक,
अनुसया