चांदणीची वायर

२४ डिसेंबर, संध्याकाळ. देवळाली प्रवरा.

चूक माझीच. नाताळला घर सोडताना गाडीत कागदी चांदणी लावायची, चर्चला पोचेपर्यंत विझवायची नाही, हा ह्यांचा नेम. ते गेल्यानंतरचा पहिला नाताळ, म्हणून वाटेत जेवायला थांबलो तरी मी ती चालूच ठेवली. आमच्या कॅम्पर गाडीची जुनी बॅटरी उतरली. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याच्या बॅटरीला जोडून पाहिलं, गाडी सुरू होईना. मेकॅनिक उद्या येणार. लेक आणि मी गाडीतच बसून राहिलो.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मावशी, आज सण हाय ना तुमचा? अंधारात कशाला बसता? द्या ती चांदणीची वायर."

केवढी लांब वायर ठेवलीय ह्यांनी! दरवर्षी गुंडाळताना मी चिडायचे. "असू दे, लागेल कधीतरी," हे म्हणायचे.

ट्रॅक्टरच्या बॅटरीपर्यंत आरामात गेली. चांदणी उजळली, आणि मी सवयीनं ह्यांच्या सीटकडे वळले, "पोचली हो वायर," म्हणायला.