आर्मवालीच्या जुन्या बेअरिंग

मी, यमुनाबाई, कै. भिवाजी गाकरे यांची पत्नी, वय अठ्ठावन्न, शिक्षण मराठी सातवी, राहणार पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी तब्येत बरी आहे, डोके ठिकाणावर आहे आणि मला कुणी धाक घालून किंवा रडून लिहायला बसवलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे मुलामुलीत अबोला होऊ नये म्हणून लिहिते. अबोला काय असतो ते या घराने पाहिले आहे.

कलम १. राहते घर आणि तिगावच्या शेतातील संत्र्याची झाडे माझा मुलगा श्रीधर याला द्यावीत. तो नागपूरला नोकरीत आहे. झाडे ठेक्याने दिली तरी चालेल, पण विहिरीजवळचे झाड तोडू नये. ते त्याच्या वडिलांनी लावलेले आहे. फळ आंबट आहे हे मला माहीत आहे.

कलम २. माझे सोने फार नाही. पाटल्या सुनेला, गळ्यातले मुलगी इंदू हिला.

कलम ३. तांब्याचे मोठे घंगाळ माझ्या नणंद देवकाबाई यांच्याकडे आहे. श्रीधरच्या बारशाला नेले होते. ते त्यांच्याकडेच राहू द्यावे, मागू नये. मात्र यमुनाच्या लक्षात होते एवढे त्यांना कळवावे.

कलम ४. घरामागचा पेट्यांचा कारखाना आणि त्यातील लाकूड कापायची मशीन इंदूला द्यावी. मशीनवर इंग्रजीत रेडियल आर्म सॉ असे कोरलेले आहे. आमच्याकडे तिला आर्मवाली म्हणतात. महायुद्धात आलेली आणि पुढे कामठीच्या लष्करी लिलावात निघालेली ही अमेरिकन मशीन माझ्या पतीने आणली. उभ्या खांबावर आडवा दांडा आहे. दांड्याच्या आतल्या खाचेत बेअरिंगवर मोटर लटकते आणि मोटरला गोल पाते. मूठ धरून मोटर पुढे ओढली की फळी कापली जाते. संत्र्याच्या पेटीची प्रत्येक फळी हिच्याखालून गेली आहे.

श्रीधरचे मत वेगळे आहे, म्हणून तेही लिहिते. वडिलांच्या वर्षश्राद्धाला आला तेव्हा तो म्हणाला, "आई, ते लोखंड आता भंगारात दे न. पुठ्ठ्याचे खोके येऊन राहिले."

इंदू म्हणाली, "दादा, तू नागपुरात बसून पुठ्ठा पाहून राहिला. इथं माल अजून पेटीतच जाते."

"अन् बाबाची बोटं? तेही इथंच गेली न?"

त्यावर इंदू उठून कारखान्यात गेली. त्याचे उत्तर मी आता लिहिते, कारण मशीन कुणाला द्यायची हे त्या बोटांवरच अडले आहे.

कलम ५. या मशीनचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. सौंसरच्या बसस्टँडजवळ श्री. शालिकराम खोडे यांचे पार्टचे दुकान आहे. ते माझ्या पतीचे लहानपणापासूनचे मित्र. आर्मवाली वीस-बावीस वर्षे चालली ती त्यांच्यामुळे. दांडा वरखाली करायचे हँडल तुटले तेव्हा त्यांनी कडबा कापायच्या मशीनचे बसवले. बेअरिंगवरचा नंबर झिजून गेला होता. जुनी बेअरिंग खिशात घालून ते नागपूरभर फिरले, जवळपासच्या मापाची आणली आणि लेथच्या खरादीवर तिची कड घासून खाचेत बसवली. माझे पती हसून सांगायचे, "या मशीनीत आता अमेरिका कमी अन् शालिकराम जास्त आहे."

आठ-नऊ वर्षांपूर्वी दसऱ्याआधी त्यांनी असाच नवा संच बसवून दिला. दसरा झाला, आंबिया बहाराच्या संत्र्यांचा माल सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत मोटर खाचेत अडकू लागली. एका दुपारी माझ्या पतीने ती जोर लावून ओढली. ती एकदम सुटली आणि पाते हातावर आले. डाव्या हाताची दोन बोटे गेली.

पट्टी बांधलेल्या हाताने ते बसने सौंसरला गेले. मी सोबत होते. दुकानासमोर भर रस्त्यात ते ओरडले, "खोटा माल इकून माणसं मारून राहिला हा!"

शालिकराम भाऊजी बाहेर आले. म्हणाले, "भिवाजी, आत ये, बस. मले बेअरिंग दाखव. लोकायसमोर काहून बोलून राहिला?"

बेअरिंग माझ्या पतीच्या खिशातच होत्या. यांनी त्या दाखवल्या नाहीत. त्या दिवसापासून भाऊजींनी आमच्या घरचे पाणी घेतले नाही.

पुढे माझे पती स्वतः नागपूरहून बेअरिंग आणत. त्याही दिवाळीपर्यंत अडकू लागत. तेव्हा म्हणायचे की सगळा बाजारच खोटा झाला. खराब झालेली प्रत्येक बेअरिंग ते डालडाच्या डब्यात टाकत. तो त्यांचा पुरावा होता. सौंसरच्या त्या पहिल्या चार बेअरिंग डब्याच्या तळाशी आहेत.

कलम ६. माझे पती गेल्या वर्षी श्रावणात वारले. त्याआधी आषाढात त्यांनी मशीन उघडून, खाच रॉकेलने धुऊन, नव्या बेअरिंग घालून ठेवल्या होत्या. घरात दुःख असल्याने वर्षभर सण झाला नाही. दसऱ्याला मशीनची पूजाही झाली नाही. इंदूने आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांच्या पेट्या काढल्या. मोटर एकदाही अडकली नाही.

हे माझ्या मनात घोळत राहिले. मग एका दुपारी डबा काढला आणि तळाच्या बेअरिंग रॉकेलमध्ये भिजत घातल्या. सकाळी रॉकेल लाल झाले होते. खाली गाळ बसला होता. कुंकू, हळद, भिजून घट्ट झालेले तांदूळ आणि नारळाचे कण. मी गाळ फडक्यावर घेतला आणि बोटाने निवडून पाहिला.

आमच्याकडे दसऱ्याला मशीन धुऊन तिची पूजा होते. माझे पती मनापासून करायचे. दांड्याला पाच बोटे कुंकवाची, पाच हळदीची, वर अक्षता, झेंडूची माळ. नारळ फोडून पाणी दांड्यावर शिंपडायचे आणि, नव्या संचाच्या त्या वर्षापासून, मशीन प्रसन्न राहावी म्हणून खाचेत तेलही सोडायचे. तेलात कुंकू कालवले जाई आणि मोटर पुढेमागे करताना ते बेअरिंगमध्ये दळले जाई. दुसऱ्या दिवसापासून माल सुरू, त्यामुळे दोष नेहमी कामाच्या भारावर नाहीतर बेअरिंगवर गेला. बेअरिंग खऱ्या होत्या.

माझ्या पतीला कुणी खोटारडे म्हणू नये. त्यांनी भक्तीने केले आणि त्याचीच शिक्षा भोगली. पण त्यांच्या तोंडचा तो शब्द सौंसरच्या रस्त्यात पडून आहे. तो उचलायला ते नाहीत, म्हणून मी उचलते.

कलम ७. मशीन इंदूकडे राहील ती या अटीवर. खाच कोरड्या फडक्याने पुसावी, तेल सोडू नये. मोटर अडकली तर जोर लावू नये, वीज बंद करून उघडावी. पात्याच्या रेषेत हात ठेवू नये. दसऱ्याची पूजा बंद करू नये, त्यांना वाईट वाटेल. फक्त कुंकू खांबाच्या पायाशी लावावे आणि नारळ उंबऱ्यावर फोडावा. त्यासाठी माझी कुंकवाची चांदीची डबी इंदूला देते. मला ती आता लागत नाही. येता दसरा आठ दिवसांवर आहे. तेव्हापासूनच असे करावे.

श्रीधर, बोटे मशीनने घेतली नाहीत. आता तरी तिला भंगार म्हणू नकोस.

कलम ८. साक्षीदार म्हणून मी शालिकराम भाऊजींना बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर ऐकलाच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणाले. माझा आग्रह आहे की त्यांनी तो पूर्ण ऐकावा. इंदू निरोप घेऊन गेली तेव्हा ते म्हणाले, "वहिनीनं बोलावलं तर सही कराले येतो. चहा मांडू नका म्हणा." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असेही वकील म्हणाले. म्हणून डबा मी त्यांना देत नाही. त्यातल्या तळाच्या चार बेअरिंग त्यांच्याच आहेत. आज वाचन संपल्यावर त्या परत करीन.

हे सर्व माझ्या इच्छेप्रमाणे आहे. वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही करते.

यमुनाबाई भिवाजी गाकरे (सही)
पांढुर्णा, ता. ५ ऑक्टोबर १९८६

साक्षीदार:

१. डॉ. भाऊराव कळंबे, पांढुर्णा (सही)
बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.

२. शालिकराम खोडे, सौंसर (सही)
सगळं ऐकलं. आधी मागं जाऊन मशीन पाहिली, खाच पुसली, मग सही केली. पुढच्या बेअरिंग इंदूनं नागपूरहून आणू नये, माह्या दुकानातून न्याव्या. चहा घेतला.