डावा मॅग्नेटो परत मिळणेबाबत

प्रति,
मा. यंत्रयोग्यता अधिकारी,
विभागीय हवाई यंत्र तपासणी कार्यालय,
औरंगाबाद.

अर्जदार: वीरभद्र काशिनाथअप्पा तोडकर, वय ५६, धंदा – मॅग्नेट व कॉईल दुरुस्ती, मु. पो. धारूर, जि. बीड.

विषय: फवारणी विमानावर इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्रे बसविण्यास मला दिलेली मंजुरी आजच्या आज रद्द करून, जमा असलेला डावा मॅग्नेटो परत देणेबाबत.

संदर्भ: १) माझा मूळ अर्ज, दि. ९ जानेवारी १९९५.
२) आपली त्रुटीपत्रे, एकूण पाच.
३) आपला मंजुरी आदेश, दि. १९ फेब्रुवारी १९९६.

महोदय,

मी खाली सही करणार सविनय कळवितो की, ज्या मंजुरीसाठी मी तेरा महिने आपल्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, तीच मंजुरी काढून घ्या म्हणून आज पुन्हा दारात उभा आहे. हे वाचून आपणांस माझ्या डोक्याविषयी शंका येईल. ती यावी, पण अर्ज पूर्ण वाचावा ही विनंती.

१. मी धारूर येथे एकतीस वर्षे मॅग्नेट दुरुस्तीचे काम करतो. पाण्याची इंजिने, मोपेड, जत्रेतल्या तंबू-टॉकीजचे जनरेटर, सगळे माझ्या हाताखालून गेलेले आहे. बालाघाट हवाई फवारणी सहकारी संस्थेने लिलावात जुने विमान घेतले, तेव्हा त्याच्या इंजिनाची देखभालही माझ्याकडेच आली. संस्थेचे चेअरमन श्री. अमरसिंह सुंदरराव गव्हाणे. विमान चालवितात श्री. मृत्युंजय. ते माझे जावई आहेत, म्हणजे माझी एकुलती मुलगी शिवांजली हिचे यजमान. हे नाते मी मागच्या अर्जांत लिहिले नव्हते, कारण नमुन्यात तसे कोणी विचारलेच नव्हते.

२. मॅग्नेटो म्हणजे स्वतःची वीज स्वतः तयार करणारे यंत्र. इंजिनाबरोबर आतले लोहचुंबक फिरते व ठिणगी पडते. त्याला बॅटरीचे देणेघेणे नसते. आमच्या विमानाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असून एक उजव्या मॅग्नेटोवर चालतो, दुसरा डाव्यावर. एक बंद पडला तर दुसरा माणसाला घरी आणतो. आमचा उजवा मॅग्नेटो वरचेवर बसू लागला. दुरुस्तीला मुंबईस पाठविला की सहा आठवडे जात, आणि कपाशीवरची अळी सहा आठवडे थांबत नाही. अलीकडे नव्या मोटारसायकलींत ठिणगी पाडण्यासाठी, घासून झिजणारे पॉइंट नसलेले इलेक्ट्रॉनिक यंत्र येते. ते उघडून, समजून घेऊन, मी विमानाजोगा एक डबा तयार केला. त्यात माझे आठ महिने गेले. तो डबा फक्त उजव्या बाजूला लावावा व डावीकडे जुना मॅग्नेटो तसाच ठेवावा, एवढीच माझी मूळ मागणी होती. दोन्ही बाजू बदलण्याचा विचार माझ्या स्वप्नातही आला नव्हता.

३. सरकारी काम आणि सहा महिने थांब असे आपल्याकडे म्हणतात. मी तेरा थांबलो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पाचव्या त्रुटीपत्राची आहे. त्यात असे कळविले होते की, विहित नमुन्यातील रकाना क्र. ११, ‘प्रज्वलन व्यवस्थेचा प्रकार’, यात एकच प्रकार नमूद करता येतो. अर्जदाराने एकाच इंजिनावर दोन भिन्न प्रकार दाखविल्याने प्रकरण नोंदविता येत नाही. मी एस.टी.ने समक्ष आलो. एक बाजू जुनी ठेवण्यातच माणसाचा जीव आहे हे मी आपल्या टेबलावर दोन पेन उभे धरून समजावून सांगितले. संबंधित लिपिकांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, “तुमचं बरोबर हाय अप्पा, पण रकाना एकच हाय. दोन्हीकडं जुनं लिवा, न्हाईतर दोन्हीकडं नवं लिवा.”

महोदय, इथे माझी चूक झाली व ती मी लपवीत नाही. दोन्हीकडे जुने लिहिले असते तर माझा डबा रद्दीत गेला असता. आठ महिने डोळ्यांसमोर आले. मी पेन मागून घेतले आणि ‘दोन्ही बाजू इलेक्ट्रॉनिक’ असे लिहिले. मनात असे होते की कागदावर दोन लिहू, बसवू एकच. अडाणी माणसाची हुशारी ती एवढीच.

४. मंजुरी आली. तिच्यातली अट क्र. ४ अशी की, काढलेले दोन्ही मॅग्नेटो पंधरा दिवसांत आपल्या भांडारात जमा करावेत, अन्यथा संस्थेची फवारणीची परवानगी रद्द होईल. चेअरमन साहेबांनी आदेश मोठ्याने वाचून घेतला व पेढे वाटले. मी म्हणालो की दादा, डावा राहू द्या, गोणपाटात दुसरे काहीतरी बांधून देऊ. ते म्हणाले, “सरकारचा कागद आलाय, अप्पा. आता कावून भेता?” मी दुसरा डबा तयार केला, दोन्ही मॅग्नेटो काढले व आपल्या भांडारात जमा केले. पावती सोबत जोडली आहे. तिच्यावर ‘लोखंडी वस्तू, नग दोन’ असे लिहिले आहे, म्हणून मुद्दाम सांगतो की ते मॅग्नेटोच आहेत.

५. आता बॅटरीविषयी. ही माहिती मला या महिन्यापर्यंत नव्हती. माळावर विमानाच्या शेडला राखणदार म्हणून श्री. बंकट राहतात. शेजारी वस्ती आहे, वस्तीवर एक टीव्ही आहे आणि लाईटचा भरवसा नाही. आमच्या भागात लाईट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडतात, ही घरोघरची रीत आहे. त्यात कोणाला चोरी वाटत नाही, मलाही वाटत नव्हती. ट्रॅक्टर सकाळी उतारावर ढकलून चालू होतो, काही बिघडत नाही. तर गेली दोन वर्षे बंकट विमानाची बॅटरी काढून वस्तीवर नेत आहेत व पहाटे आणून जागेवर ठेवीत आहेत. हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण आमचे विमान पंखा हाताने फिरवून चालू करतात आणि मॅग्नेटोला बॅटरी लागतच नव्हती. विमानातला डायनॅमो नावापुरता आहे, त्याने बॅटरी भरत नाही. बॅटरी मेलेली असली तरी जावई दोन वर्षे बिनघोर उडत होते.

मात्र माझे दोन्ही डबे बॅटरीवरच चालतात. बॅटरी संपली की दोन्ही बाजू एकदम जातात.

६. दि. ६ मार्च रोजी मी इंजिन जमिनीवर चालवून पाहिले. आवाज इतका गोड होता की मी बाहेर येऊन उभा राहिलो व ऐकत राहिलो. नवव्या मिनिटाला इंजिन गप्प झाले. फडफड नाही, खोकला नाही, एकदम गप्प. बॅटरी पाहिली तर कोरडीठाक. बंकटला विचारले. तो म्हणाला, “अप्पा, काल म्याच हुती ना. बॅटरी काय पळून चाल्ली का? उजाडायच्या आत जाग्यावर ठिवली की.” विश्वचषक चालू असल्याचे आपणांस माहीत असेलच. मी शेडला कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी चेअरमन साहेबांनी ते स्वतः उघडून दिले, कारण वस्तीवर मतदान दीडशेच्या वर आहे.

बॅटरी भरलेली असेल तर विमान दीड तास उडेल, नसेल तर नऊ मिनिटे. विमानात बॅटरीचा काटा नाही. बसणाऱ्याला यातले कोणते आहे हे कळायला मार्ग नाही.

७. आपण विचाराल की हे सर्व विमान चालविणाऱ्यालाच का सांगत नाही. सांगितले, महोदय. परंतु आमच्याकडे सासऱ्याने जावयास आज्ञा करण्याची रीत नाही. मी आडून सांगितले की येती अमावस्या होऊन जाऊ द्या. ते हसले. मग सरळ सांगितले की विमान उडवू नका. त्यांच्या मनात आले की सासऱ्याला आपल्या विमान उडवण्याचा भरवसा उरला नाही. त्यांचा चेहरा उतरला. तेव्हापासून ते आमच्या घरी जेवलेले नाहीत. बॅटरीचे समजावू लागलो तर म्हणाले, “मामा, तुमी बसिवलेलं हाय म्हनल्यावर मला तपासायचं काम न्हाई.” हे ते रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते. ते विश्वासाने म्हणाले.

मुलगीही समजावून थकली. परवा चुलीपुढे बसून मला म्हणाली, “आप्पा, मी काय बी म्हनलं तर ते म्हनतेत, तुज्या बापाचंच यंत्र हाय की. आता मी कुनाचं नाव घेऊ?” आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी माझी स्थिती आहे. मला झोप नाही, दुकानात हात चालत नाही, मोपेडचा आवाज थांबला तरी मी धावत दुकानाबाहेर येतो. मला भीती वाटते, महोदय. अर्जात असे लिहितात की नाही ते ठाऊक नाही.

८. परवा, गुरुवार दि. १४ मार्च रोजी सकाळी नऊ वाजता, वडवणी येथे बाजार ओट्यांचे उद्घाटन असून त्या वेळी आमचे विमान बाजारावरून अगदी कमी उंचीने उडत झेंडूच्या फुलांची वृष्टी करणार आहे. पत्रिका छापून वाटल्या आहेत. माळावरून वडवणीस जाऊन, तीन घिरट्या घालून परत येण्यास पस्तीस मिनिटे लागतात. आणि उद्या, बुधवारी, विश्वचषकाचा उपांत्य सामना आहे. भारत खेळणार आहे. सामना रात्रीपर्यंत चालेल. वस्तीवरची बॅटरी कोणती असेल हे मी आपणांस सांगावे असे नाही. खाली बाजार, वर माझा जावई आणि मधे माझे दोन डबे, एवढेच चित्र मला सहा दिवस दिसत आहे.

सबब विनंती की,

(अ) मला दिलेली मंजुरी आजच रद्द करावी. कारण म्हणून ‘अर्जदाराची लबाडी’ असे लिहिले तरी माझी हरकत नाही.

(ब) भांडारातील डावा मॅग्नेटो माझ्या ताब्यात द्यावा. आज दुपारच्या गाडीने निघालो तर उद्या बसवून होईल.

(क) रकाना क्र. ११ मध्ये ‘उजवा’ व ‘डावा’ असे दोन भाग पाडावेत. याला घाई नाही.

आपला नम्र, आणि आजच्या दिवसापुरता अत्यंत उतावळा,

(सही) वीरभद्र काशिनाथअप्पा तोडकर
औरंगाबाद, मंगळवार दि. १२ मार्च १९९६, सकाळी साडेअकरा.

ता. क. – वरील अर्ज खिडकीवर दिला असता असे कळले की, साहेब दौऱ्यावर असून शुक्रवारी येतील. भांडाराची किल्ली त्यांच्याकडेच आहे. मंजुरी देण्यास जेवढे टप्पे लागतात तेवढेच ती रद्द करण्यासही लागतात. मी तीन वाजेपर्यंत बाकावर बसून विचार केला. म्हणून पुढील मजकूर वाढवीत आहे.

दोन्ही डबे माझ्या पिशवीत आहेत. आज पहाटे बंकट चहाला गेले असता मी ते विमानातून काढून आणले. मॅग्नेटो मिळाला असता तर कोणाला न कळता काम उरकणार होतो. आता ते डबे या अर्जास जोडून आवक नोंदवहीत चढवून घेत आहे. एकदा चढलेली वस्तू साहेबांच्या सहीशिवाय बाहेर जात नाही, असे मला खिडकीवर खात्रीपूर्वक सांगण्यात आले आहे.

परत गेल्यावर मी घरी असे सांगणार आहे की, यंत्रात खोट निघाल्याने सरकारने डबे मागवून घेतले. जावयाने विश्वासाने माझ्या हाती दिलेल्या विमानातून मी चोरी केली, हे त्यांना कळले तर ते माझे तोंड पाहणार नाहीत, व मुलगी मधल्या मधे भरडली जाईल. मी सांगणार आहे ते खोटे आहे. ते खरे करणे आपल्या हातात आहे. कृपया डबे जप्त केल्याचे दोन ओळींचे पत्र संस्थेच्या नावे काढावे. आपले कार्यालय नाहक बदनाम होईल, त्याबद्दल क्षमा असावी.

श्री. मृत्युंजय बहुधा उद्याच डबे मागण्यास स्वतः येतील. सावळे, उंच आहेत, डाव्या भुवईवर व्रण आहे. चिडलेले असतील, मोठ्याने बोलतील. बोलू द्यावे. उन्हातून आलेले असतील तर आधी पाणी द्यावे. डबे देऊ नयेत.

सोबत: १) मंजुरी आदेश, मूळ प्रत.
२) भांडाराची पावती, नग दोन.
३) उद्घाटनाची पत्रिका.
४) इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्राचे डबे, नग दोन, चालू स्थितीत.