बर्फातला चीक

८ जुलै, सकाळी
ज्ञानेश्वरला पतसंस्थेची डायरी मिळाली हुती, कोरीच पडलेली. मी चौथी शिकलेली. म्हनलं, वाया कशाला घालवायची. कोन वाचनार न्हाई, तवा अक्षर कसं बी असू दे.
गाय व्याली. कालवड झाली! आनि पंचमीला मोनिका येनार! माजी नात, ज्ञानेश्वरची पोरगी. नागपूरला नर्सिंगला. दीड वरीस झालं तोंड बघून. फोनवर म्हनली, आजी, तुज्या हातचा खरवस पायजे. म्हनलं, ये तू, पयल्या धारेचा चीक ठिवते. सरबताच्या बाटलीत भरून फ्रीजच्या बर्फाच्या खनात ठिवला बी. तीन आठवडे काय, तीन म्हैने टिकंल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चीक विकायचा न्हाई, शेजारी वाटायचा, ही आमची रीत. शेजारच्या शमशादची नात अर्शी वाडगं घेऊन दारात उभी. सा वर्साची पोर. पन बाटली एकच भरली हुती. तिला ताक दिलं. ताक बी चांगलंच असतंय, पोरीला काय कळतंय. मंग शमशाद भिंतीवरून म्हनली, मावशी, तुमची गाय व्याल्या व्याल्या ताक देती व्हय? लई तोंडाळ बाई.

११ जुलै
ठराव केला. फ्रीज दिवसातून एकदाच उघडायचा. पाळला. बाटली बरी हाय का बघाय उघडला ते धरायचं न्हाई. ते सकाळी तीनदा, दुपारी सा-सात. टपालवाला आला हुता, त्याला बी दाखवली. खनात साबुदान्यावानी पांढरा बर्फ धरलाय. जितका बर्फ तितका गारवा.

१४ जुलै
अश्विनी, माजी सून, म्हनली, आत्या, तुमी दार उघडता तवा भायेरची दमट हवा आत जाती, तिचाच ह्यो बर्फ हुतो. म्हनलं, हवेचा कुटं बर्फ हुतो का? चौथीपर्यंत तरी आमाला शिकवला न्हाई. ती आनखी शमशादच्या फ्रीजचं कायतरी सांगत हुती. दोन दारांचा हाय, बर्फच धरत न्हाई, बाटली, काय काय. ज्यात बर्फ धरत न्हाई तो फ्रीज कसला! मी बर्फाकडं बघत हुते. व्हय व्हय म्हनलं.

१७ जुलै
बर्फ दोन बोटं जाड. खनाचं झाकन लागत न्हाई. बाटली आदी पिवळी दिसायची, आता पांढरी दिसती. गारठ्यानं रंग उडाला असंल. मान्साचा उडतोय, तिचं काय.
बर्फ वितळायचं एक लाल बटन हाय. अश्विनी म्हनली, दाबा की एकदा. दाबलं आनि चीक नासला तर? सुनंला चिकाचं कायबी पडलेलं न्हाई, आनि पोरगी तिचीच. बटनावर चिकटपट्टी लावली. उभी, आडवी. आता निवांत.

२१ जुलै
बाटली गच्च. हलत न्हाई. ठराव: घाई करायची न्हाई. बर्फच तिला सांभाळतोय.

२४ जुलै
काल मिठाची मूठ टाकली. मंग गरम पान्याचं पातेलं आत ठिवलं. सकाळी बघते तर पातेलं बी चिकटलं. ज्ञानेश्वर म्हनला, आई, आता तू आत हात घालू नको, पंचमीला तुलाच उकरून काढावं लागंल. मी हसले न्हाई. पाच दिवस राहिले.

२६ जुलै, दुपारी
घरात कोन न्हाई. उलथनं घेतलं. हळूच टोचलं. मंग जरा जोरात. आतून फुस्स आवाज आला, बराच येळ. बर्फानं हार खाल्ली! बोटं बधिर झाली, चिमटा काढला तरी कळंना. पन काम फत्ते.

२७ जुलै
बर्फ आपोआप वितळाय लागला. म्हनलं न्हवतं? फकस्त फ्रीज गुरगुरतोय आनि गार हुत न्हाई. दमला असंल. ज्ञानेश्वरनं कर्जतहून रामहरी फ्रीजवाल्याला बोलावलं. त्यानं भोक दाखवलं. म्हनला, आजी, गॅस गेला. म्हनलं, वास तर आला न्हाई. तो म्हनला, ह्यो शेगडीचा न्हाई. आता ह्याच्यात गोधड्या ठिवा.
ठिवीन. बाटली तर सुटली.

२८ जुलै
बाटली उघडली. पानी. वास घेतला, चाखून बघितलं. निव्वळ पानी.
कायबी वाटलं न्हाई. रडू न्हाई, राग न्हाई. लादीवर बसून राहिले, पायाखालून बर्फाचं पानी वाहत हुतं, ते बी गार लागंना. अश्विनी म्हनली, आत्या, ही तर ह्यांची रानात न्यायची पान्याची बाटली, त्या जागी गार व्हाय ठिवलेली. चीक मी चौदा तारखेलाच शमशादभाभीच्या फ्रीजात ठिवला. तुमाला इचारून. तुमी व्हय व्हय म्हनला की.
डायरी काढून बघितली. व्हय, म्हनले हुते.

२९ जुलै, पंचमी
मोनिका आली. वाळलीय. शमशाद बाटली घेऊन आली. पिवळी, झाकनापतूर भरलेली, एक थेंब कमी न्हाई. म्हनली, घ्या मावशी, तुमची अमानत. तिच्या मागं अर्शी, तेच वाडगं घेऊन.
गूळ, वेलदोडा घालून उकडला. चांगला धरला. पंचमीला सुरी लावत न्हाईत, म्हनून मोनिकानं चमच्यानंच काढला आनि पयला चमचा अर्शीच्या वाडग्यात घातला. पोरीनं खाल्ला. माज्याकडं बघून म्हनली, आजी, आज ताक लई घट्ट झालंय.
सगळी हसली. शमशाद तर पदर तोंडाला लावून. मी बी हसल्यासारखं केलं.

संध्याकाळी
चीक शेजारी ठिवायचं मीच ठरवलं हुतं. तारीख बी लिहिलेली हाय.
लाल बटनावरची पट्टी काढली. दाबून बघितलं. काय झालं न्हाई.